सिटकॉमला 'प्रसंगनिष्ठ विनोद' म्हणावं का?

प्रश्न असा आलाय की टीव्हीवरच्या सिटकॉमवर, म्हणजे सिच्युएशन कॉमेडीवर, एमएचा प्रकल्प मराठीत लिहायचाय, तर सिटकॉमला 'प्रसंगनिष्ठ विनोद' म्हटलं तर चालेल का. माझं मत, नको. शब्द चांगलाय पण तो आधीच दुसऱ्या कामाला जुंपलेला आहे. शब्दनिष्ठ, स्वभावनिष्ठ, प्रसंगनिष्ठ हे विनोदाचे प्रकार आपण परीक्षेसाठी घोकलेत, त्यात प्रसंगनिष्ठ म्हणजे कोणी घसरून पडलं, कोणी भलत्याच घरात शिरलं, अशातून येणारं हसू. सिटकॉममधली सिच्युएशन म्हणजे असा प्रसंग नाही, ती कायमची मांडून ठेवलेली परिस्थिती. तेच घर, तीच माणसं, तीच नाती, आणि मधे कितीही राडा झाला तरी शेवटी सगळं होतं तिथं.

'आय लव्ह लूसी' घ्या, अमेरिकेत १९५१ ते ५७ चाललेली. तिचा १९५२ चा चॉकलेट फॅक्टरीवाला भाग, निदान त्याची क्लिप तरी, बऱ्याच जणांनी पाहिली असेल. पट्ट्यावरून चॉकलेटं धावत येतायत, लूसीला आणि तिच्या मैत्रिणीला, एथेलला, ती गुंडाळायला जमत नाहीयेत, मग तोंडात कोंब, टोपीत लपव. हा झाला प्रसंग. पण मुळात त्या दिवशी नवरा-बायकोंनी कामांची अदलाबदल केलेली असते, तिकडे घरी लूसीच्या नवऱ्यानं, रिकीनं, तांदूळ इतके टाकलेत की भात पातेल्यातून उतू जाऊन सगळीकडे, आणि शेवटी दोन्ही बाजू हात टेकतात आणि ज्याचं काम त्याच्याकडे परत. ही परिस्थिती. अभ्यासकांचा जीव इथं अडकतो. पॅट्रिशिया मेलेनकॅम्पनी १९८६ मध्ये लूसीवर लिहिलं ते यावरच, ही बाई सारखी घराबाहेर पडायला बघते आणि सारखी घरातच परत येते, मग आपण हसतो ते नेमकं कशाला? 'प्रसंगनिष्ठ' म्हटलंत की हातात नुसती चॉकलेटं उरतात.

आपल्याकडे १९८४ ची दूरदर्शनवरची 'ये जो है ज़िंदगी' आठवा, घर तेच आणि सतीश शाह दर भागात नवीनच कोणीतरी बनून यायचे.

'परिस्थितीजन्य' अर्थाला जवळ जातो, पण पुढे पुरावाच येणार असं वाटतं, पेपरवाल्यांची कृपा. 'प्रहसन' नको, तो संस्कृतपासून चालत आलेला नाट्यप्रकार, एका बैठकीत संपणारा. 'विनोदी मालिका' फार ढगळ. तेव्हा पहिल्यांदा येईल तिथं 'कायम त्याच परिस्थितीत घडणारी विनोदी मालिका' असं एकदा फोडून सांगा आणि पुढे बिनधास्त सिटकॉम लिहा, सिटकॉमचा, सिटकॉममध्ये, प्रत्यय छान लागतात.

लिंगाचं म्हणाल तर 'तो' पण ऐकलंय, 'ती' पण. मी 'ती' म्हणतो, डोक्यात मालिका असते म्हणून. अनेकवचन मात्र वाटेचं वाटा तसं सिटकॉमचं सिटकॉमा नका करू, गाइड ओरडतील.