लायब्ररी अपडेट केल्यावर मॉक डेटाबेसच्या युनिट टेस्ट फुटल्या, काय करू?

एसक्यूएलअल्केमी, म्हणजे पायथनमधून डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी, १.४ वरून २.० वर नेलीत आणि तिच्या इंजिन-सेशनचे मॉक, म्हणजे टेस्टपुरते खोटे बदली, वापरणाऱ्या चाळीस टेस्ट लाल झाल्या, असं तुम्ही लिहिलंय. नशीबवान आहात. आमची एकही झाली नव्हती.

२०२३ चा पावसाळा. आमचं ऑफिस ऐरोलीला. तुर्भ्याच्या एका गोदामासाठी गेटवरच्या गाड्यांच्या नोंदीचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळायचो. कुणीतरी इमेज (सर्व्हरवर चढवायचं तयार गाठोडं) नव्याने बिल्ड केली. रिक्वायरमेंट्समध्ये, म्हणजे लागणाऱ्या लायब्रऱ्यांच्या यादीत, आवृत्तीला वरची मर्यादाच नव्हती, त्यामुळे २.० गुपचूप आत आली. सव्वातीनशे टेस्ट हिरव्यागार. डिप्लॉय झालं.

दुपारी तीनला गोदामातून फोन. "मॅडम, सकाळपासून दीडशे गाड्या आत गेल्या, यादीत एकही दिसत नाही." स्क्रीनवर मात्र प्रत्येक गाडीला 'नोंद झाली' येत होतं!

लॉगमध्ये एररचा मागमूस नाही. शेवटी इंजिनचं 'इको' (डेटाबेसला जाणारी प्रत्येक आज्ञा दाखवणारी सोय) चालू केलं तेव्हा दिसलं: बिगिन, इन्सर्ट, रोलबॅक. १.४ मध्ये कनेक्शनवर इन्सर्ट केलं की लायब्ररी स्वतःच कमिट, म्हणजे नोंद कायम, करून टाकायची. २.० मध्ये ती सोय काढलीय. 'कमिट' स्वतः म्हणा, नाहीतर 'इंजिन.बिगिन' वापरा. नाही केलं, तर कनेक्शन बंद होताना सगळं मागे फिरतं, तेही विनातक्रार.

आणि आमची टेस्ट काय तपासत होती? मॅजिकमॉक या पायथनच्या तयार मॉकच्या 'एक्झिक्यूट'ला (आज्ञा चालवणाऱ्या मेथडला) हाक गेली की नाही, एवढंच. मॅजिकमॉक कशालाही हो म्हणतो.

वॉचमनने सवयीने कागदी रजिस्टर ठेवलं होतं म्हणून वाचलो. मी आणि एक ज्युनियर मुलगा तुर्भ्याला गेलो आणि रात्री दहापर्यंत त्यातले गाडीनंबर टाइप करत बसलो. भिजलेल्या पानावर ३ आणि ८ सारखेच दिसतात. ठाण्याची लोकल पकडली तेव्हा बोटं आखडली होती.

टेस्टमध्ये मॉक की खरा डेटाबेस, यावरून माझं आमच्या लीडशी आधी वर्षभर वाजत होतं. त्यांचं म्हणणं, "डेटाबेस लागला तर ती युनिट टेस्टच नव्हे." बरं, नसू दे. नाव काहीही द्या, पण दुसऱ्याच्या लायब्ररीचा मॉक म्हणजे ती लायब्ररी कशी वागते याबद्दलचा तुमचा जुना समज. लायब्ररी बदलते, समज तिथेच राहतो. कव्हरेज (टेस्टमध्ये किती कोड चालला ते) ९० टक्के दाखवून क्लायंटला खूश करता येतं, गाड्या सापडत नाहीत.

तर तुमचं. 'इंजिनला एक्झिक्यूट नाही' अशी अ‍ॅट्रिब्यूट एरर येत असेल, तर कुणीतरी शहाण्याने मॉकला स्पेक दिलाय, म्हणजे खऱ्या लायब्ररीत नसलेली मेथड मागितली की मॉक नाही म्हणतो. त्याला चहा पाजा. ती मेथड २.० मध्ये खरंच नाही, कोड बदला. 'क्वेरी-फिल्टर-फर्स्ट' अशी मॉकने एकामागून एक द्यायच्या उत्तरांची (रिटर्न-व्हॅल्यूंची) माळ तुटली असेल, तर दोष २.० चा नाही. 'सेशन.क्वेरी' अजून चालते, तुमच्यातल्या कुणीतरी कोड 'सिलेक्ट' या नव्या पद्धतीवर नेलाय. ती माळ पुन्हा ओवू नका. डेटाबेसशी बोलणारा कोड एका पातळ थरात काढा, वरच्या टेस्टमध्ये तो थर मॉक करा आणि थराची टेस्ट खऱ्या डेटाबेसवर चालवा. आणि हे सगळं १.४ वर परत जाऊन, 'एसक्यूएलअल्केमी_वॉर्न_२०' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करून, वॉर्निंग वाचत केलंत तर निम्मा त्रास वाचेल.

हो, त्या टेस्टला मेमरीतलं एसक्यूलाइट (छोटा, हलका डेटाबेस) पुरतंच असं नाही. त्यात फॉरेन की (एका टेबलातली नोंद दुसऱ्यातल्या नोंदीशी जोडणारा नियम) मुद्दाम चालू केल्याशिवाय तपासली जात नाही, आणि पोस्टग्रेस या मोठ्या डेटाबेसचं जेसनबी (जेसन डेटा साठवायचा प्रकार) तिथे नाही. ते वापरत असाल तर टेस्टपुरतं कंटेनरमध्ये (वेगळ्या बंदिस्त डब्यात) पोस्टग्रेसच उभं करा. पेमेंट गेटवे, एसएमएस वगैरेंचे मॉक मीही करते, तिथे इलाज नाही.

खऱ्या डेटाबेसवरच्या टेस्टमुळे आमचा बिल्ड आता साडेतीन मिनिटं जास्त घेतो. लीड अजून कुरकुरतात.