जुन्या केस-पेपरांवर उत्तीर्ण झालेले स्ट्रोकचे सॉफ्टवेअर कॅज्युअल्टीत लगेच द्यावे का?

आपला प्रश्न असा आहे की, स्ट्रोकचे निदान करताना नवख्या निवासी डॉक्टरांना मदत करणारे सॉफ्टवेअर आपल्या गटाने तयार केले, स्ट्रोक वॉर्डातल्या दोनशे जुन्या केस-पेपरांवर ते चालवून पाहिले आणि बहुतेक निदाने जुळली. तर आता ते कॅज्युअल्टीत वापरायला द्यावे का. माझ्या मते अजून देऊ नये. मी मेडिसिन विभागात बरीच वर्षे निवासी डॉक्टरांना शिकवले आहे आणि अशाच एका सॉफ्टवेअरच्या चाचणीत सहभागी झालो होतो. तिथे आमची जी फजिती झाली, तिच्या आधारे लिहितो.

पहिली अडचण त्या दोनशे केस-पेपरांचीच आहे. स्ट्रोक वॉर्डात रुग्ण पोहोचतो तो कोणीतरी त्याचे निदान आधी केलेले असते म्हणून. लहान मेंदूचा रक्तपुरवठा तुटलेला, पण ‘चक्कर येते’ एवढीच तक्रार सांगणारा आणि गोळी घेऊन घरी गेलेला रुग्ण त्या गठ्ठ्यात सापडणारच नाही, आणि नवखा डॉक्टर चुकतो तो नेमका अशाच रुग्णाच्या बाबतीत. म्हणून वॉर्डाचे नव्हे, तर कॅज्युअल्टीचे रजिस्टर उघडावे आणि चक्कर, फिट, बोबडी वळणे, अचानक आलेला अशक्तपणा अशा तक्रारींचे सगळे रुग्ण, एकही न गाळता, सलग घ्यावेत. त्यात स्ट्रोक नसूनही तसाच दिसणारा, रक्तातली साखर ५० च्या खाली गेल्याने एक बाजू लुळी पडलेला मधुमेही असेल आणि फिट येऊन गेल्यावर काही तास हात न उचलणाराही असेल. समजा, चक्कर येणाऱ्या १००० जणांत ४० जणांना खरोखर स्ट्रोक आहे आणि आपले सॉफ्टवेअर स्ट्रोक असलेल्या व नसलेल्या, दोन्ही प्रकारच्या रुग्णांत ९० टक्के अचूक आहे. ते ३६ जणांना पकडेल, ४ जणांना सोडेल आणि ९६ जणांबाबत उगाच घंटा वाजवेल. वॉर्डातल्या केस-पेपरांवर हे ९६ जण कधी दिसले नसते.

स्ट्रोकची तीव्रता मोजणाऱ्या एनआयएचएसएस गुणांवर सॉफ्टवेअरचा भार किती आहे, हेही पाहावे. ० ते ४२ गुणांची ही मोजणी हातपाय आणि बोलणे यांना बरेच गुण देते, पण चालताना तोल जाण्याला त्यात जागा नाही. लहान मेंदूच्या स्ट्रोकमध्ये खाटेवर झोपलेल्या रुग्णाला शून्य गुण मिळू शकतात आणि उभे केल्यावर तोच रुग्ण पडू शकतो. आपल्या फॉर्ममध्ये ‘रुग्णाला चालवून पाहिले का’ असा रकाना आहे का? आपल्याकडचा एक खास घोटाळाही सांगतो. बोलणे अस्पष्ट असल्याची नोंद एका इंटर्नने केली होती. रुग्णाच्या गालात तंबाखूचा बार होता. चूळ भरायला लावल्यावर ते लक्षण नाहीसे झाले.

आमची खरी फजिती मात्र वेळेच्या रकान्यात झाली. ‘लक्षणे कधी सुरू झाली’ हा रकाना सक्तीचा होता आणि तो रिकामा ठेवून पुढे जाता येत नव्हते. एक गृहस्थ रात्री अकराला व्यवस्थित झोपले, सकाळी सहाला उठले तेव्हा उजवा हात हलत नव्हता, आणि सव्वासातला ते आमच्याकडे आले. निवासी डॉक्टरने सहा वाजताची वेळ भरली आणि सॉफ्टवेअरने सव्वा तास धरून, गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनच्या साडेचार तासांच्या मुदतीत रुग्ण बसतो, असे सांगितले. वास्तविक वेळ मोजायची ती रुग्णाला शेवटचे धडधाकट पाहिल्यापासून, म्हणजे सव्वाआठ तास. (अशा काही रुग्णांना एमआरआय पाहून इंजेक्शन देता येते, पण तो निर्णय स्वतंत्रपणे घ्यावा लागतो.) वरिष्ठांनी पत्नीला ‘रात्री शेवटचे नीट बोलले ते कधी?’ असे विचारले म्हणून ही चूक उघड झाली. निदानाच्या गणितात कोणताच दोष नव्हता आणि जुन्या केस-पेपरांवर ही वेळेची चूक कितीही तपासले तरी सापडली नसती, कारण तिथे वेळ आधीच दुरुस्त होऊन लिहिलेली असते.

यावरून आमच्या लक्षात आले की, चाचणी सॉफ्टवेअरची एकट्याची घ्यायची नसून डॉक्टर आणि सॉफ्टवेअर या जोडीची घ्यायची असते. डॉक्टरने आपले निदान आधी नोंदवावे, ते कुलूपबंद व्हावे, मगच सॉफ्टवेअरचे उत्तर दिसावे आणि त्यानंतरचे निदान पुन्हा नोंदवावे. मांडून ठेवलेल्या सरावाच्या केसेसमध्ये काही ठिकाणी मुद्दाम चुकीचे उत्तर दाखवावे आणि किती जणांनी आपले बरोबर निदान सोडून ते स्वीकारले, हे मोजावे. मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हा आकडा. पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर रात्री तीन वाजता पडद्यावरच्या ठाम वाक्याशी वाद घालत नाही.

तुलनेसाठी खरे निदान दोन न्यूरोलॉजिस्टनी (मेंदूविकारतज्ज्ञांनी) ठरवावे, पण त्यांना सॉफ्टवेअरचे उत्तर कळू देऊ नये. १९७९ साली स्टॅनफर्डच्या मायसिन या, जंतुसंसर्गावर औषधे सुचवणाऱ्या संगणक प्रणालीची परीक्षा अशीच झाली होती: मेनिंजायटिसच्या (मेंदूच्या आवरणाच्या दाहाच्या) १० रुग्णांसाठी यंत्राने आणि माणसांनी सुचवलेले उपचार, कोणता कोणाचा हे न सांगता, ८ तज्ज्ञांपुढे ठेवले गेले. मायसिन त्यात उत्तम ठरली, तरी रोजच्या रुग्णसेवेत ती कधीच आली नाही. पहिल्या दिवसाच्या एमआरआयवरही डोळे मिटून विसंबू नये, कारण मेंदूच्या मागच्या भागातला छोटा स्ट्रोक सुरुवातीला त्यात न दिसण्याची शक्यता असते. काही दिवसांनी रुग्णाची पुन्हा चौकशी करावी लागेल.

हे सारे करण्याआधी संस्थेच्या नैतिकता समितीकडे अर्ज करावा. १ एप्रिल २०२० पासून निदानासाठीचे सॉफ्टवेअरही वैद्यकीय उपकरणांच्या नियमांखाली येते, आणि आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीची २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वेही समिती विचारात घेईल. मंजुरीनंतर पहिले काही आठवडे सॉफ्टवेअर कॅज्युअल्टीत चालू द्यावे, पण त्याचे उत्तर उपचार करणाऱ्या डॉक्टरला दाखवू नये, फक्त साठवावे. त्या काळात आपल्यापैकी कोणीतरी एक-दोन रात्रपाळ्या तिथे स्वतः बसून काढाव्यात आणि कोणता रकाना कोण, कोणाला विचारून भरतो, हे वहीत टिपून घ्यावे.