एका सर्व्हरचे तीन करणं हे किरकोळ काम नाही

हुपरीहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगा बीसीए झाला आणि वर्षभरापूर्वी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या आयटी विभागात लागला. तिथं ईआरपीचं, म्हणजे कंपनीची बिलं-हिशेब सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचं, सगळं एकाच सर्व्हरवर चालतं, महिनाअखेरीला बिलं अडकतात. ते तीन सर्व्हरवर वाटायचं काम आता त्याच्याकडं आलंय. वडील लिहितात, ‘पाहुणे म्हणतात, हे मशीन जोडायचं काम, यात पुढं काही नाही. पुण्याला फुल-स्टॅकच्या, म्हणजे वेबसाइटचं पुढचं-मागचं सगळं कोडिंग शिकवणाऱ्या, कोर्सला घालू का? फीसाठी कर्ज काढावं लागेल.’

दादा, कर्ज काढू नका. निदान हे काम पुरं होईपर्यंत तरी नको.

तुम्ही चांदीच्या गावचे, म्हणून तुमच्याच धंद्यातलं सांगतो. आटणी एकाकडं, तार दुसऱ्याकडं, झाळकाम तिसऱ्याकडं. काम वाटलं की उरक वाढतो, पण माल एका हातातून दुसऱ्या हातात जाताना दरवेळी वजन करावं लागतं, घट कुठं आली ते शोधावं लागतं. तुमचा मुलगा नेमकं हेच शिकतोय.

ईआरपीचे ढोबळ तीन भाग असतात: पडद्यावर दिसणारा, हिशेबाचे नियम चालवणारा आणि माहिती साठवणारा डेटाबेस. बहुतेक वेळा आधी डेटाबेस वेगळा काढतात, कारण त्याला मेमरी फार लागते. डेटाबेसचं सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्टचं ‘एसक्यूएल सर्व्हर’ असेल आणि त्याला मर्यादा घालून दिली नसेल, तर ते मशीनची जवळजवळ सगळी मेमरी हळूहळू ताब्यात घेतो आणि शेजारच्या सेवा उपाशी राहतात.

पण वाटणीची किंमतही असते, आणि ती न कळल्यामुळं फसलेली कामं मी पाहिली आहेत. समजा, एक रिपोर्ट डेटाबेसला 20,000 वेळा छोटे प्रश्न विचारतो. एकाच मशीनवर ते जाणवत नाही. मध्ये नेटवर्क आलं आणि प्रत्येक फेरीला अर्धा मिलिसेकंद लागला, तरी 10 सेकंद नुसत्या ये-जा करण्यात गेले. म्हणजे नवीन सर्व्हर घेऊन रिपोर्ट उलट मंदावला! दुसरं असं, की तिन्ही सर्व्हर चालू असल्याशिवाय बिल निघणार नसेल आणि प्रत्येक सर्व्हर 99 टक्के वेळ चालू राहत असेल, तर सगळं मिळून चालू राहण्याची खात्री 97 टक्क्यांवर येते. नियम चालवणारा भाग दोन मशीनवर ठेवला, तर लॉगिनची आठवण एकाच मशीनकडं राहून माणूस मध्येच बाहेर फेकला जातो, तीही सोय बघावी लागते. डेटाबेसची तर नुसती दुसरी प्रत मांडून भागत नाही. दोन्हीकडं लिहिलं गेलं, तर खरा आकडा कुठला?

हे सगळं ज्याला मोजून सांगता येतं, त्याला पाहुणे काय म्हणायचं ते म्हणोत, मी जाणकार म्हणेन. कोर्समध्ये सराव असतो, पण महिनाअखेरीला खोळंबलेले खरे ट्रक नसतात.

मुलाला एवढं सांगा. सर्व्हर हलवण्याआधी दोन महिनाअखेरी नुसतं मोजायचं: मेमरी, प्रोसेसर, डिस्क आणि नेटवर्क यांतलं आधी काय संपतं? ते वहीत लिहायचं. आणि बॅकअपची एक प्रत कोल्हापूरबाहेर ठेवायचा आग्रह मालकांकडं धरायचा. 2019च्या पुरात शिरोलीजवळ हायवेच बंद होता, हे त्यांना वेगळं सांगायला लागणार नाही.

कोडिंग त्यानं सोडू नये, डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा एसक्यूएल आणि प्रोग्रॅमिंगची भाषा पायथॉन लागणारच आहे. पण ते घरी बसून जमेल. सर्व्हरवर चालणारी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीमही अशीच शिकता येईल, जुन्या कॉम्प्युटरवर. वर्षभरानं पैसे घालायचेच झाले, तर रेड हॅट या लिनक्सवाल्या कंपनीच्या आरएचसीएसए परीक्षेला घाला. ती प्रत्यक्ष मशीनवर काम करून दाखवूनच पास व्हावी लागते.