न मागितलेलं चिन्ह

सातारा
आगमनकाळाचा (नाताळआधीच्या आठवड्यांतला) दुसरा आठवडा

प्रिय लेकी,

प्रभूमध्ये सलाम.

फोनवर तू म्हणालीस, ‘बाई, ख्रिस्तजन्माची सगळी भविष्यं गोळा केली, वहीची पानं भरली, आता पुढे काय?’ पुढे काय, तर ती वही मिटून ठेव. बायबलच्या जुन्या करारातली उत्पत्ती ३, गणना २४, मीखा ५, स्तोत्र २२, यशया ७, ९, ११, ५३, जखऱ्या ९ आणि प्रत्येकासमोर शुभवर्तमानातला मत्तय नाहीतर लूक. चूक त्यात काहीच नाही. पण तरुण संघाच्या उपासनेत संदेश द्यायला तुला मिळणार दहा-बारा मिनिटं. तेवढ्यात नऊ वचनं वाचून दाखवलीस, तर पाचव्या वचनाला निम्मी मंडळी मनाने घरी जाऊन करंज्या तळायला बसलेली असेल.

आणि मोबाइलवर फिरतं ते ‘३०० हून अधिक भविष्यं पूर्ण, योगायोगाने असं घडण्याची शक्यता इतक्या कोटींत एक’ हे तर मुळीच नको. तो आकडा मोजणाऱ्यागणिक बदलतो. आणि गणित ऐकून कुणी देवापुढे गुडघे टेकल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

एकच घे. यशया संदेष्ट्याचा सातवा अध्याय. चौदावं वचन तुला पाठच आहे, दर नाताळला कार्डांवर छापून येतं: कुमारी गर्भवती होईल, पुत्र प्रसवेल, त्याचं नाव इम्मानुएल. पण ते वचन कुणाला उद्देशून होतं, हे कार्डावर कधी छापत नाहीत. ते आहाज राजाला होतं, आणि त्याला ते नको होतं.

गोष्ट इ.स.पू. ७३५ च्या सुमाराची. यहूदाच्या, म्हणजे यरुशलेमच्या राज्याच्या, गादीवर दाविदाच्या वंशातला आहाज. उत्तरेकडून दोन राजे एक होऊन त्याच्यावर चालून आलेले, अरामाचा रसीन आणि इस्राएलाचा पेकह. म्हणजे त्यातला एक, पेकह, तर भाऊबंदच. आहाजाला उतरवून आपला माणूस गादीवर बसवायचा त्यांचा बेत. ही बातमी राजवाड्यात पोचली तेव्हा राजाचं आणि प्रजेचं काळीज रानातली झाडं वाऱ्याने हलावीत तसं हललं, असं शास्त्रात आहे. यशया त्याला कुठे भेटतो, तेही नीट दिलंय: वरच्या तळ्याच्या नळाच्या टोकाला, परटाच्या शेताच्या वाटेवर. राजा तिथे काय करत होता हे लिहिलेलं नाही, पण वेढा पडला तर पाणी पुरेल का, तेच तो बघत असणार. यशया एकटा गेला नाही, आपल्या मुलाला बरोबर घेऊन गेला. आणि पहिलं वाक्य काय बोलला? शांत राहा, भिऊ नको. ते दोन राजे म्हणजे धुमसणारी दोन कोलितं आहेत, विझत आलेली.

इथे थांब आणि मंडळीला ती भीती दिसू दे. तुला ते जमेल, कारण मिरजेत रात्रपाळीला तू ती रोज बघतेस. उद्या ऑपरेशन म्हणून व्हरांड्यात चटई टाकून बसलेली माणसं, एकीकडे प्रार्थना करत असतात आणि दुसरीकडे पैशासाठी कुणाकुणाला फोन लावत असतात. आहाजाचंही तेच चाललं होतं. फरक एवढाच की त्याने प्रार्थना सोडून दिली होती.

मग देव म्हणतो, चिन्ह माग. वर आकाशातलं माग, खाली अधोलोकातलं माग, काहीही माग. असं कोरं निमंत्रण शास्त्रात फार थोड्यांना मिळालंय. आणि आहाज म्हणतो, ‘मी मागणार नाही, मी परमेश्वराची परीक्षा पाहणार नाही.’ ऐकायला किती भक्तिभावाचं वाटतं! पण यासोबत २ राजे १६ वाच. मंदिरातलं आणि राजवाड्याच्या भांडारातलं सोनं-रुपं काढून त्याने ते अश्शूरच्या तिग्लथ-पिलेसर राजाला पाठवलं आणि वर निरोप दिला की मी तुझा दास, तुझा पुत्र, येऊन मला सोडव. देवाकडे काही मागायचं नाही, कारण मागितलं की त्याच्यावर विसंबावं लागतं. आपल्या मंडळीत अशी प्रार्थना तू ऐकली असशीलच. शब्द गोड, निर्णय आधीच झालेला.

आणि तरीही चिन्ह दिलं जातं. माझ्या मते सगळ्या संदेशाचा गाभा इथे आहे. ‘ठीक, तुला नको तर राहिलं’ असं देव म्हणत नाही. तू मागत नाहीस, तर प्रभू स्वतःच देईल, बाळ जन्मेल, आणि त्याचं नाव ‘आम्हांबरोबर देव’. तारणाऱ्याच्या जन्माचं हे वचन एखाद्या संताला मिळालेलं नाही. देवाचं बोलणं टाळणाऱ्या, घाबरलेल्या, आतून दुसऱ्याशी सौदा ठरवलेल्या माणसाच्या तोंडावर ते दिलं गेलं. माणसाच्या लायकीवर ते टेकलेलं असतं तर त्या तळ्याकाठीच संपलं असतं.

आता तुझ्या हॉस्टेलमधल्या मैत्रिणीचा प्रश्न. ते वचन आहाजाच्या काळापुरतंच नव्हतं का? उडवाउडवी करू नकोस. पुढची दोन वचनं वाच: मुलाला बरंवाईट कळू लागण्याच्या आत त्या दोन राजांचा देश ओसाड पडेल. म्हणजे त्या काळासाठीही त्यात अर्थ होता, आणि तो दिसलाही. इ.स.पू. ७३२ मध्ये अरामाची राजधानी दमास्कस पडलं, पुढे दहा वर्षांत इस्राएलाची राजधानी शोमरोनही गेलं. ते बाळ म्हणजे आहाजाचा मुलगा हिज्कीया, असं यहुदी परंपरेत अनेकांनी मानलं. आपण त्यांना वेडं ठरवायचं कारण नाही. पण यशया तिथे थांबत नाही. आठव्या अध्यायात इम्मानुएल पुन्हा येतो, तोही देशाचा मालक म्हणून. नवव्यात बाळाला जी नावं मिळतात, अद्भुत मंत्री, समर्थ देव, सनातन पिता, शांतीचा अधिपती, ती कुठल्याही राजाच्या अंगाला मोठीच होतात. हिज्कीया भला माणूस, पण त्यानेही बाबेलच्या पाहुण्यांना भांडार उघडून दाखवलं, आणि त्याच्या पोटी मनश्शे निघाला. नवव्यातलं ‘सर्वकाळ’ काही त्याच्या राज्याला लागू पडलं नाही. हे वचन येशूला लावताना मत्तय नवा अर्थ बाहेरून आणून चिकटवत नाही. शिल्लक राहिलेल्या अर्थाला तो माणूस दाखवतो.

‘नंतर कुणीतरी लिहून घातलं असेल’ अशी शंका आली, तर उत्तर सोपं आहे. १९४७ मध्ये मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांत यशयाची अख्खी गुंडाळी मिळाली. सात मीटरहून लांब, आणि ख्रिस्ताच्या निदान शंभर वर्षं आधीची. वचनं आधीची आहेत एवढं तिने सिद्ध होतं. विश्वास तिने सिद्ध होत नाही, आणि तसा आव आणू नकोस.

अकराव्या अध्यायाला मात्र थोडा वेळ दे, कारण तो आपल्या भागात जितका समजेल तितका शहरात समजणार नाही. दहाव्याच्या शेवटी अश्शूरचं रान कुऱ्हाडीने तोडलं जातं, लबानोन कोसळतो, आणि लगेच इशायाच्या, म्हणजे दाविदाच्या वडिलांच्या, बुंध्याला धुमारा फुटतो. तोडलेल्या उसाचा फड आठव. पाचट पेटवलेलं, बुडखे छाटलेले, नवख्याला वाटावं की रान संपलं. शेतकऱ्याला ठाऊक असतं, खोडवा येणार. फक्त लावणीच्या उसापेक्षा खोडव्याचं टनेज कमी पडतं, हेही त्याला ठाऊक असतं. इथे यशया उलटं सांगतो: या खोडव्याचं पीक मूळच्या लावणीपेक्षा मोठं. आणि बघ, तो ‘दाविदाचा बुंधा’ म्हणत नाही, ‘इशायाचा’ म्हणतो. मुकुट, सिंहासन, राजवाडा सगळं ओलांडून मागे, बेथलेहेमात मेंढरं असलेल्या एका घरापर्यंत. मीखा संदेष्टाही त्याच काळातला, खेड्यातला, आणि तोही येणाऱ्या राजासाठी यरुशलेम सोडून बेथलेहेमाचं नाव घेतो.

जाता जाता मीखाबद्दल एक. ख्रिस्त कुठे जन्मणार असं हेरोद राजाने विचारल्यावर शास्त्र्यांनी मीखाचं वचन लगेच म्हणून दाखवलं. यरुशलेम ते बेथलेहेम म्हणजे साधारण सांगली ते मिरज. बाळाला शोधत पूर्वेचे मागी, म्हणजे ज्ञानी लोक, किती लांबून आले, आणि वचन तोंडपाठ असलेला एकही शास्त्री तेवढं अंतर चालून गेल्याचं मत्तय सांगत नाही. (मागी तीनच होते असंही शास्त्रात कुठे नाही. तुमच्या देखाव्यात तीनच उभे राहतील, राहू देत.)

आता योसेफ. हा सातशे वर्षांनंतरचा, पण त्याच दाविदाच्या घराण्यातला. यशयाने आहाजाला ‘हे दाविदाच्या घराण्या, ऐक’ म्हटलं होतं. देवदूत योसेफाला म्हणतो, ‘योसेफा, दाविदाच्या पुत्रा’. तिथे भिऊ नको, इथेही भिऊ नको. तिथे राजा, इथे सुतार. योसेफानेही निर्णय आधीच केलेला होता: लग्न ठरलेल्या, गरोदर मरीयेला गुपचूप सोडायचं. चिन्ह त्यानेही मागितलं नव्हतं. झोपेत त्याला तेच वचन मिळालं, आणि उठून सांगितलं होतं तसं त्याने केलं. मत्तयाने त्याचा एकही शब्द नोंदवलेला नाही. आहाज देवाला सुंदर वाक्य बोलून निघून गेला. योसेफ काही बोलला नाही, त्याने मरीयेला घरात आणलं.

मत्तयाची वंशावळ तू नेहमी गाळतेस, मला माहीत आहे. या वेळी पहिल्या अध्यायातलं नववं वचन मोठ्याने वाच. योथामाला आहाज झाला, आहाजाला हिज्कीया झाला. ज्याने चिन्ह नाकारलं त्याचंच नाव त्या बाळाच्या पूर्वजांत आहे, आणि मत्तयाने ते काढलेलं नाही. त्याच वंशावळीतल्या तामार, राहाब, रूथ यांच्यावर दर वर्षी कुणी ना कुणी बोलतं. आहाजावर कुणी बोललेलं मी ऐकलं नाही. तू बोल.

मांडणीसाठी कीर्तनाचा साचा घे. रेव्हरंड ना. वा. टिळक शेवटची वर्षं इथे साताऱ्यात राहिले. ख्रिस्ती उपासनेत भजन-कीर्तन रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा. तो वारसा आपण फक्त टाळ-पेटीपुरता ठेवलाय. पूर्वरंगात आहाज, मध्ये एक पद, उत्तररंगात योसेफ. पेटीवाल्याला आधी सांगून ठेव, नाहीतर तो पदाला दोन कडवी वाढवतो.

उपासनेला शेजारपाजारचे, तुझ्या वर्गातले हिंदू मुलं-मुली येतील. ‘म्हणजे अवतारच की’ असं कुणी म्हणालं तर वाद घालू नकोस. अधर्म वाढला की देव येतो, ही जाण त्यांच्याकडे आहे, तिचा मान ठेव. आपण काय मानतो तेवढं सांग: तो एकदाच आला, औगुस्त कैसराच्या नावनोंदणीच्या काळात, हेरोदाच्या राज्यात, आणि दुष्टांचा संहार करायला नाही, त्यांच्या वंशावळीत शिरून त्यांची पापं वाहायला. यशयाचा नववा अध्याय याच बाळासाठी लढाईचे बूट आणि रक्ताने माखलेले कपडे जाळायला काढतो. त्या बाळाला आपण क्रुसावर बघतो. पाळण्यावर थांबलीस तर संदेश अर्धाच राहील, पण क्रुसावर एक-दोन वाक्यंच ठेव, सगळा शुभ शुक्रवार डिसेंबरात आणू नकोस.

२५ डिसेंबरच का, असं कुणीतरी हमखास विचारतं. शुभवर्तमानांत तारीख नाही. रोममध्ये चौथ्या शतकात त्या दिवशी सण होत असल्याची नोंद मिळते. तेवढं सांग आणि चहाला जा.

शास्त्रपाठ पाळकसाहेबांना बुधवारपर्यंत कळव: यशया ७:१ ते १७, मत्तय १:१ ते २५. वंशावळीसकट. वाचणाऱ्याला नावं आधी दोनदा मोठ्याने म्हणायला लाव. यशयाच्या मुलाच्या नावावर, शआर-याशूबवर, सगळे अडखळतात. लिहून झालं की मला फोटो पाठव, पण अक्षर जरा मोठं काढ, माझा चष्मा बदलायचा राहिलाय.

तुझी,
बाई