वहीत चौदाशे शब्द आहेत, तरी बोलताना एकही का आठवत नाही?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. शिक्षण मराठी माध्यमातून, बी.कॉम. झालेलं, आता पुण्यात ऑफिसची नोकरी. आठ महिने रोज पाच-सहा इंग्रजी शब्द पाठ करताय, वहीत १,४०० शब्द जमलेत, आणि तरी साहेबांशी दोन वाक्यं बोलायची वेळ आली की त्यातला एकही शब्द तोंडात येत नाही. 'माझी स्मरणशक्तीच कमी आहे का?' असं तुम्ही शेवटी विचारलंय, ते वाचून वाईट वाटलं.

तुमची स्मरणशक्ती चांगलीच आहे, नाहीतर एवढे अर्थ डोक्यात राहिलेच नसते. अडचण वहीच्या आखणीत आहे. तुम्ही टाकलेल्या फोटोत डावीकडे इंग्रजी शब्द, मधे बरोबरचं चिन्ह आणि उजवीकडे एक मराठी शब्द दिसतो. मीही साताऱ्याकडच्या खेड्यात अशीच वही घालून इंग्रजी शिकले. गेली बारा वर्षं दर रविवारी मराठी माध्यमाच्या मुलामुलींना इंग्रजी बोलायला शिकवते आहे आणि जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या दिवशी हीच वही घेऊन येतो. ते बरोबरचं चिन्ह आपल्याला फसवतं.

तुमच्याच पानावरचं घ्या. 'वेअर = घालणे' असं लिहिलंय. आता आपण काय काय करतो बघा: साडी नेसतो, शर्ट घालतो, गजरा माळतो, चष्मा लावतो, फेटा बांधतो, अत्तर लावतो. इंग्रजीत या सगळ्याला 'वेअर' चालतं. म्हणजे तुमचा 'वेअर' वहीत एका खणात कोंडून पडलाय, प्रत्यक्षात तो सहा ठिकाणी कामाला येतो. आणखी एक बारकावा आहे. 'वेअर' म्हणजे ती वस्तू अंगावर असणं. अंगावर चढवण्याची क्रिया म्हणजे 'पुट ऑन'. दारात उभ्या मैत्रिणीला 'थांब गं, चप्पल घालतेय' म्हणायचं असेल तर 'पुटिंग ऑन' म्हणा. तिथे 'वेअरिंग' म्हटलंत तर चप्पल आधीच पायात आहे असा अर्थ होतो.

उलटंही घडतं. आपलं एक 'बघणे' इंग्रजीत तीन ठिकाणी वाटलं जातं. सहज नजरेस पडलं तर 'सी', मुद्दाम नजर वळवली तर 'लुक ॲट', आणि काही घडत असताना त्यावर नजर खिळवून बसलो तर 'वॉच'. म्हणून मॅच 'वॉच' करतात आणि रस्त्यात ओळखीचं माणूस 'सी' होतं. हाताचं बोट 'फिंगर', पायाचं 'टो'. झाडाची बसायची सावली 'शेड', आपल्या मागे चालणारी सावली 'शॅडो'. उसनं घेतलं तर 'बॉरो', उसनं दिलं तर 'लेंड'. या जोड्या एकत्र शिकल्या तरच टिकतात. वेगवेगळ्या पानांवर लिहिल्या की ऐन वेळी हमखास उलटसुलट होतात.

माझ्या पहिल्या नोकरीतली गोष्ट सांगते. परदेशातल्या एका ग्राहकाच्या बिलात एक रक्कम मला कळत नव्हती. मी त्यांना मेल केला की तुमच्या बिलाबद्दल मला 'डाउट' आहे. शाळेपासून शंका म्हणजे डाउट, हेच डोक्यात पक्कं होतं. त्यांचं उत्तर आलं: आमच्यावर विश्वास नसेल तर तुमच्या वरिष्ठांशी बोलायला आम्ही तयार आहोत. मला काय चुकलं तेच कळेना. शेवटी आमच्या साहेबांनी फोन करून समजूत घातली, मग मला बोलावून सांगितलं की मराठी 'शंका' हा शब्द 'विचारायचं आहे' आणि 'संशय आहे' ही दोन्ही कामं करतो; इंग्रजी 'डाउट' मुख्यतः दुसरं करतो. आपल्याकडे क्लासमध्ये 'डाउट विचारा' म्हटलं की सगळ्यांना बरोबर कळतं, भारतातल्या इंग्रजीत तो रुळलाय. बाहेरच्या माणसाला लिहिताना मात्र 'क्वेश्चन' लिहावं. 'प्रीपोन'चंही (ठरलेली वेळ अलीकडे आणणं) तसंच. इथे बिनधास्त वापरा, परदेशी ग्राहकाला मीटिंग 'ब्रिंग फॉरवर्ड' करू म्हणा.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. आपण मराठीत पिवळं धमक म्हणतो, हिरवंगार म्हणतो, काळंकुळकुळीत, पांढरंशुभ्र, लालभडक म्हणतो. 'काळं धमक' म्हणताना कोणी ऐकलंय? अंधार गुडुप असतो, ऊन रणरणतं असतं, पाऊस मुसळधार. हे आपल्याला कोणी यादी देऊन शिकवलं नाही. आजी बोलली, आई बोलली, आपण ते जोडीनंच उचललं. प्रत्येक भाषेत शब्दांचा असा शेजार ठरलेला असतो. इंग्रजीत पाऊस 'हेवी' असतो, चहा 'स्ट्राँग' असतो. चूक 'मेक' करतात, गृहपाठ 'डू' करतात, निर्णय 'मेक' करतात किंवा 'टेक'. आपल्याला या सगळ्यांसाठी 'करणे' किंवा 'घेणे' सुचतं, त्यामुळे 'डू अ मिस्टेक' आपोआप तोंडात येतं. तुम्हाला 'मिस्टेक' आठवतो, त्याचा जोडीदार आठवत नाही, म्हणून वाक्य अर्ध्यावर अडतं. बोलताना अडखळायचं खरं कारण मला इथे दिसतं. भाषेचे अभ्यासक याला कोलोकेशन म्हणतात.

दुसरं, तुमच्या यादीत 'मेटिक्युलस', 'ॲम्बिग्युअस', 'प्रोक्रॅस्टिनेट' असे जड शब्द पुष्कळ आहेत आणि 'गेट', 'पुट', 'टर्न' एकदाही नाहीत. ते येतात असं आपण गृहीत धरतो. मराठीतलं 'लागणे' आठवा: भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, फोन लागतो, वेड लागतं, गाडी लागते. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला हा एक शब्द महिनाभर पुरेल. 'गेट' तसाच आहे. पत्र मिळालं, घरी पोहोचलो, दमलो, भिजलो, मुद्दा कळला, सगळीकडे 'गेट'. काम पुढे ढकललं तर 'पुट ऑफ', एखाद्याचा त्रास सहन केला तर 'पुट अप विथ'. ऑफिसात चहा पिताना लोक 'पोस्टपोन' आणि 'टॉलरेट'पेक्षा हेच बोलतात.

थोड्या शब्दांवर किती काम भागतं, हे फार पूर्वी मोजून झालंय. मायकल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षक बंगालमध्ये, ढाक्याला शिकवत होते. मुलांना वाचायला सोपं जावं म्हणून त्यांनी नेहमीच्या शब्दांवर काम केलं, आणि १९५३ साली सुमारे २,००० शब्दांची यादी प्रसिद्ध केली. साध्या इंग्रजी मजकुरातले साधारण ८० टक्के शब्द त्या यादीत सापडतात. पुढे १९७८ साली लाँगमन या प्रकाशन संस्थेने इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी कोश काढला, त्यातले अर्थ अशाच सुमारे २,००० सोप्या शब्दांत सांगितलेले आहेत. १९८७ च्या कोबिल्ड नावाच्या इंग्रजी कोशात तर अर्थच पूर्ण वाक्यात दिलाय, म्हणजे अर्थ वाचतानाच शब्दाचा शेजार दिसतो. असा एखादा कोश हाताशी ठेवा, फोनवर असला तरी चालेल.

म्हणून इंग्रजी-मराठी कोश टाकून द्यायचा असं मुळीच नाही. वस्तूंच्या नावांना तोच बरा. 'फेनुग्रीक' म्हणजे काय हे इंग्रजीतून तीन ओळी वाचून कळणार नाही, 'मेथी' म्हटलं की संपलं. 'टर्मरिक' म्हणजे हळद, 'असाफेटिडा' म्हणजे हिंग. 'मंगूस' तर आपलंच मुंगूस आहे, हा शब्द इंग्रजीत मराठीतून गेलाय. माझ्या वर्गात हे सांगितलं की मुलं खूश होतात आणि तो शब्द कधी विसरत नाहीत. क्रियापदं आणि गुणवाचक शब्द मात्र वाक्यातूनच शिका.

स्पर्धा परीक्षेचंही तुम्ही विचारलंय. बँकेच्या परीक्षांत समानार्थी, विरुद्धार्थी शब्द येतात, त्यासाठी जड शब्दांची यादी लागेल. ती वेगळ्या वहीत ठेवा आणि तिच्याकडून बोलणं सुधारायची अपेक्षा धरू नका.

बोलण्यासाठी नवी वही घाला. दिवसाला तीनच शब्द. प्रत्येकाखाली कोशातलं एक वाक्य उतरवून घ्या आणि दुसरं स्वतःच्या दिवसातलं लिहा, खरं घडलेलं. 'बॉरो' शिकलात तर शेजारच्या काकूंकडून शिडी आणली होती ते लिहा. मग 'ती परत दिली' कसं म्हणायचं हेही शोधावं लागेल, ते शोधा. दोन्ही वाक्यं मोठ्याने तीनदा म्हणा. मनातल्या मनात वाचलेला शब्द ओळखू येतो, पण तोंडाला त्याची सवय लागत नाही. दुसऱ्या दिवशी वाक्यातला तो शब्द बोटाने झाकून पुन्हा म्हणा, मग आठवड्याने, मग महिन्याने. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीच्या तासांत-दिवसांत सगळ्यात वेगाने विसरतं. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी हवी, रविवारी एकदम सगळी नको.

जुनी वही फेकू नका, त्यात तुमचे आठ महिने आहेत. आज रात्री ती उघडा आणि गेल्या आठवड्यात ऑफिसात किंवा घरी मराठीत ज्यांची खरोखर गरज पडली होती असे ३० शब्द त्यातून निवडा. दहा दिवसांत त्यांची ३० वाक्यं लिहून इथेच टाका. कुठला शब्द कुणाशेजारी बसत नाही, ते मी एकेक वाक्य बघून सांगेन.