दाखला काढण्याआधी: नवीन प्रवेश आणि विद्यापीठ बदलाविषयी वाचकांचे प्रश्न

पदवीच्या पहिल्या वर्षाचे प्रवेश आणि दुसऱ्या विद्यापीठातून येणाऱ्या विद्यार्थ्यांचे प्रवेश यांविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. विद्यापीठाच्या पात्रता विभागात अनेक वर्षे काम केल्यामुळे अर्ज नेमका कोठे अडतो, हे मी मेजाच्या आतल्या बाजूने पाहिले आहे. गुण चांगले असूनही केवळ कागद चुकीच्या क्रमाने काढल्यामुळे वर्ष गमावलेली मुले मला अजून आठवतात.

प्रश्न : माझी मुलगी बी.कॉम.चे पहिले वर्ष उत्तीर्ण झाली असून तिच्या श्रेयांक खात्यात ४४ श्रेयांक (क्रेडिट, म्हणजे विषय पूर्ण केल्याबद्दल मिळणारी एकके) जमा आहेत. माझी बदली राज्यातल्याच दुसऱ्या विद्यापीठाच्या क्षेत्रात झाली आहे. येथील महाविद्यालयात चौकशी केली असता ‘आधी जुन्या महाविद्यालयाचा दाखला आणा, मग बघू’ असे सांगण्यात आले. दाखला काढावा का? श्रेयांक पूर्ण असल्यामुळे द्वितीय वर्षाला प्रवेश मिळेलच ना? (एक पालक)

उत्तर : दाखला आज काढू नका. महाविद्यालय सोडल्याचा दाखला हातात पडला की जुना प्रवेश संपला. आणि नव्या ठिकाणी काही कारणाने नकार मिळाला तर मुलगी ना इकडची राहते ना तिकडची. ‘आणा, मग बघू’ हे उत्तर खिडकीवर सहज दिले जाते, पण त्याला कोणी बांधील नसते. आपण नव्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांना लेखी अर्ज द्यावा, त्यासोबत दोन्ही सत्रांची गुणपत्रके आणि अभ्यासक्रमाची प्रत जोडावी, आणि द्वितीय वर्षाला जागा रिक्त असल्याचे तसेच विद्यापीठाच्या पात्रता विभागाने समकक्षता (दोन्ही अभ्यासक्रम एकमेकांच्या तोडीचे असल्याचे) मान्य केल्याचे पत्र मागावे. ते पत्र मिळाल्यावरच जुन्या महाविद्यालयाकडे दाखल्यासाठी आणि जुन्या विद्यापीठाकडे स्थलांतर (मायग्रेशन) प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा.

आता श्रेयांकांविषयी. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०२१ मध्ये अधिसूचित केलेल्या विनियमांनुसार अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स ही विद्यार्थ्यांचे श्रेयांक साठवणारी ऑनलाइन खात्यांची व्यवस्था सुरू झाली. या खात्यात विद्यार्थ्याला स्वतः काही भरता येत नाही. संस्थाच श्रेयांक जमा करते आणि ते जास्तीत जास्त सात वर्षे वापरता येतात. ‘बँक’ या शब्दामुळे मात्र एक मोठा गैरसमज पसरला आहे. पैशांच्या बँकेत एक रुपया दुसऱ्या रुपयासारखाच असतो, श्रेयांकांचे तसे नाही. राज्य शासनाच्या एप्रिल २०२३ च्या निर्णयाने ठरलेल्या रचनेत पहिल्या वर्षाचे ४० ते ४४ श्रेयांक वेगवेगळ्या गटांत विभागलेले असतात. मुख्य विषय, खुले वैकल्पिक विषय, कौशल्याधारित विषय, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली असे हे गट आहेत. दोन विद्यापीठांत एकूण बेरीज सारखी असली तरी कोणत्या गटात काय शिकवले हे वेगळे असू शकते. आपल्या मुलीने मुख्य विषय म्हणून लेखाशास्त्र घेतले असेल आणि नव्या महाविद्यालयात तो मुख्य विषय म्हणून उपलब्धच नसेल, तर ४४ हा आकडा तिच्या फारसा उपयोगी पडणार नाही. त्यामुळे ‘मिळेलच’ असे म्हणता येत नाही. बहुतेक वेळा प्रवेश मिळतो, पण राहिलेला एखादा विषय द्वितीय वर्षासोबत पूर्ण करण्याची अट पडते. ती अट कोणत्या विषयाची आहे, हेही लेखीच घ्यावे.

अभ्यासक्रमाच्या प्रतीचा उल्लेख मी मुद्दाम केला. एका विद्यार्थ्याच्या गुणपत्रकावर विषयासमोर नुसते ‘पेपर २’ एवढेच छापलेले होते. त्या पेपरात काय शिकवले हे कळल्याशिवाय अभ्यास मंडळ (विषयाचा अभ्यासक्रम ठरवणारी विद्यापीठाची समिती) मत देईना, आणि त्याची फाईल कपाटात पडून राहिली. अखेर तो जुन्या महाविद्यालयात जाऊन घटकनिहाय अभ्यासक्रम घेऊन आला. प्रत्येक पानावर प्राचार्यांची सही आणि गोल शिक्का, समासात त्या घटकाचे तास आणि श्रेयांक. पाचपैकी चार घटक जुळतात हे पाहून दोन दिवसांत निर्णय झाला. म्हणून गुणपत्रकाइतकाच हा गठ्ठाही महत्त्वाचा समजावा, आणि गाव सोडण्यापूर्वीच तो शिक्क्यासह तयार ठेवावा.

आपण पहिल्या वर्षानंतर बदल करीत आहात हे बरे झाले. पदवी देणाऱ्या संस्थेतून किमान निम्मे श्रेयांक मिळवलेले असावेत अशी अकॅडेमिक बँकेच्या २०२१ च्या विनियमांतील अट आहे. तीन वर्षांच्या १३२ श्रेयांकांच्या पदवीत दोन वर्षांचे ८८ श्रेयांक जुन्या विद्यापीठात झाले असतील, तर उरलेले ४४ श्रेयांक निम्म्याला, म्हणजे ६६ ला, पुरत नाहीत. तिसऱ्या वर्षाला विद्यापीठ बदलू पाहणाऱ्यांनी हे गणित आधी मांडून पाहावे. पहिल्या वर्षाचा एखादा विषय एटीकेटीत (अनुत्तीर्ण विषयासह वरच्या वर्षात जाण्याच्या सवलतीत) राहिला असेल तर बहुतेक ठिकाणी तो सुटल्याशिवाय बाहेरच्या विद्यार्थ्याला घेत नाहीत. आपल्या मुलीच्या बाबतीत हा प्रश्न नाही.

प्रश्न : मी केंद्रीय मंडळाची बारावीची परीक्षा उत्तीर्ण झाले आहे. राज्यातील महाविद्यालयाने प्रवेश दिला, पण पावतीवर ‘तात्पुरता’ असे लिहिले आहे. गुण पुरेसे असताना असे का? (एक विद्यार्थिनी)

उत्तर : यात घाबरण्यासारखे काही नाही, मात्र विसरण्यासारखेही नाही. आपली परीक्षा राज्य मंडळाची नसल्यामुळे विद्यापीठ आपली पात्रता तपासते आणि तोपर्यंत प्रवेश तात्पुरता राहतो. तीन कागद तीन ठिकाणांहून येतात हे लक्षात ठेवावे. शाळा सोडल्याचा दाखला शाळा देते, स्थलांतर प्रमाणपत्र आपले मंडळ देते, आणि पात्रता प्रमाणपत्र ज्या विद्यापीठात आपण शिकणार ते विद्यापीठ देते. केंद्रीय मंडळाचे स्थलांतर प्रमाणपत्र डिजिलॉकरमध्येही उपलब्ध होते. मुदतीत पात्रता मिळाली नाही तर परीक्षेचा अर्ज किंवा निकाल अडकतो, आणि ते कळते तेव्हा सत्र संपत आलेले असते.

नावाकडे विशेष लक्ष द्यावे. राज्य मंडळाच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, मग स्वतःचे आणि वडिलांचे नाव असते; आपल्या गुणपत्रकावर कदाचित नाव आणि आडनाव एवढेच असेल. प्रवेश अर्ज, आधार आणि गुणपत्रक यांवर तीन प्रकारचे नाव असेल, तर श्रेयांकांच्या खात्याशी जुळणी करताना अडचण येते. गुणपत्रकावर जसे नाव आहे तसेच ते सर्वत्र लिहावे. बारावीनंतर एखादे वर्ष खंड पडला असल्यास त्या काळात अन्यत्र प्रवेश घेतला नव्हता असे प्रतिज्ञापत्र लागते.

प्रश्न : तंत्रनिकेतनातील पदविका पूर्ण केल्यानंतर अभियांत्रिकीच्या थेट द्वितीय वर्षासाठी सीईटी द्यावी लागते का? (एक विद्यार्थी)

उत्तर : नाही. तीन वर्षांच्या मान्यताप्राप्त पदविकेत किमान ४५ टक्के, आणि राज्यातील राखीव प्रवर्गासाठी ४० टक्के, गुण आवश्यक असतात. पदविकेच्या गुणांवर गुणवत्ता यादी लागते आणि राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत केंद्रीभूत प्रवेश होतात. जातवैधता आणि उन्नत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र अर्जाच्या वेळी तयार असावे. यादी लागल्यावर धावाधाव करणारे विद्यार्थी दरवर्षी राखीव जागेला मुकतात, आणि ते पाहून फार वाईट वाटते.

प्रश्न : एका महाविद्यालयात शुल्क भरले आणि नंतर अधिक चांगल्या ठिकाणी प्रवेश मिळाला. पहिले महाविद्यालय मूळ गुणपत्रिका परत देत नाही आणि शुल्कही परत मिळणार नाही असे सांगते. हे योग्य आहे का? (एक पालक)

उत्तर : अजिबात योग्य नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेनुसार संस्थेने मूळ प्रमाणपत्रे फक्त पडताळून पाहायची असतात आणि लगेच परत द्यायची असतात. ती स्वतःकडे ठेवून घेता येत नाहीत. शुल्काचा हिशेबही त्याच अधिसूचनेत दिला आहे. प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या १५ किंवा त्याहून अधिक दिवस आधी प्रवेश रद्द केल्यास पूर्ण शुल्क परत मिळते. त्यातून कार्यवाही खर्च म्हणून शुल्काच्या ५ टक्के, पण ५,००० रुपयांच्या आतच, रक्कम कापता येते. त्यानंतर, अंतिम तारखेपर्यंत, ९० टक्के शुल्क मिळते. तारीख उलटल्यानंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के आणि ३० दिवसांपर्यंत ५० टक्के मिळते, पुढे काही नाही. काही वर्षी आयोग याहून सवलतीचे स्वतंत्र परिपत्रक काढतो, म्हणून चालू वर्षाचे परिपत्रक पाहून घ्यावे. व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या केंद्रीभूत प्रवेशांना त्यांच्या माहितीपुस्तिकेतील नियम लागू होतात.

तोंडी वाद घालण्यात दिवस घालवू नका, कारण येथे प्रत्येक दिवसाची किंमत टक्क्यांत मोजली जाते. प्रवेश रद्द करण्याचा अर्ज आजच दोन प्रतींत द्यावा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घ्यावा. शुल्काचा टप्पा या तारखेवरून ठरतो. शिक्का द्यायला नकार दिल्यास तोच अर्ज त्याच दिवशी ई-मेलने आणि पोचपावतीच्या टपालाने पाठवावा. तरीही दाद लागली नाही तर संस्थेच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे, आणि तेथेही न्याय न मिळाल्यास विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार विद्यापीठाने नेमलेल्या लोकपालांकडे जाता येते. त्या अर्जासोबत शिक्क्याची प्रत, शुल्काची पावती आणि प्रवेशाची अंतिम तारीख दाखवणारे महाविद्यालयाचे सूचनापत्र जोडावे. सूचनाफलकावरच्या त्या पत्राचे छायाचित्र आजच काढून ठेवावे, कारण प्रवेश संपले की ते फलकावरून निघते.