कायदा गरज निर्माण करतो, पद नाही

प्रश्न : मुलगी बारावी सायन्स, ७४ टक्के. नीट दोनदा दिली, मेडिकलला नंबर लागला नाही. नव्या कायद्याने मोठ्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञ सक्तीचा झाला आहे, त्यामुळे भरपूर सरकारी जागा निघणार असं वाचलं. म्हणून तिला बी.एस्सी. फॉरेन्सिकला घालायचं आम्ही ठरवलं आहे. खासगी विद्यापीठ, तीन वर्षांची फी सहा लाख, कर्ज काढतो आहोत. तिला केमिस्ट्री आवडते आणि रक्त बघितलं की गरगरतं, पण सवय होईल. तिचं मन कसं वळवावं?
– एक पालक, लातूर

उत्तर : नमस्कार. तिचं मन वळवण्याच्या कामात मी तुम्हाला मदत करणार नाही. ७४ टक्क्यांची मला चिंता वाटत नाही. तुमच्या पत्रात फी आहे, कर्ज आहे, कायदाही आहे. मुलीबद्दल मात्र दोनच गोष्टी आहेत, तिला काय आवडतं आणि कशाने गरगरतं, आणि त्या दोन्ही एका ‘पण’ने खोडल्या आहेत. नीटची दोन वर्षं कोणाच्या इच्छेची होती, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तिसरा निर्णयही तिच्या वतीने होणार असेल, तर शाखा कोणतीही घ्या, ती दुसऱ्या वर्षात अडकायची शक्यता मोठी. शिवाय ‘मेडिकल नाही तर फॉरेन्सिक’ या हिशेबात एक घोटाळा आहे. शवविच्छेदन करतो तो डॉक्टर. त्यातला तज्ज्ञ एमबीबीएसनंतर न्यायवैद्यकशास्त्रात एमडी झालेला असतो. बी.एस्सी. फॉरेन्सिक हा त्या खुर्चीकडे जाणारा मागचा दरवाजा नाही.

आता कायदा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७६(३) सांगतं की सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे. संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे, पण या तरतुदीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुभा दिलेली आहे. केंद्राने २०२४ मध्ये २,२५४.४३ कोटींची योजना मंजूर केली, ती राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाची संकुलं आणि केंद्रीय प्रयोगशाळा उभारण्यासाठी. यातून राज्याच्या प्रयोगशाळेत आपोआप एकही खुर्ची तयार होत नाही. पद मंजूर व्हावं लागतं, सेवाप्रवेश नियम लागतात, मग जाहिरात निघते, आणि त्यातली काही पदं कंत्राटी असू शकतात. मुलगी पदवीधर होईल त्याच वर्षी हे सगळं जुळून येईल, अशा भरवशावर सहा लाखांचं कर्ज काढू नये.

सर्वांत मोठा गैरसमज पदवीच्या नावाचा आहे. आपल्याकडे हे काम केमिस्टांनी सुरू केलं. १८४९ मध्ये मद्रासला रासायनिक परीक्षकाची प्रयोगशाळा निघाली, पुढे त्याच शतकात कलकत्ता, आग्रा आणि मुंबईला. म्हणून आजही महाराष्ट्रातल्या पोलीस ठाण्यात आणि कोर्टात प्रयोगशाळेच्या अहवालाला ‘सीए रिपोर्ट’ म्हणतात, म्हणजे केमिकल ॲनालायझरचा. मुंबईत कलिना इथे मुख्यालय असलेल्या आपल्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांत विषशास्त्र, दारूबंदी, सामान्य विश्लेषण, जीवशास्त्र, डीएनए, भौतिकशास्त्र, शस्त्रं, सायबर असे विभाग असतात आणि त्यातले बरेचसे मूळ विषयांवर चालतात. बोटांचे ठसे तर या प्रयोगशाळेत येतच नाहीत. ते राज्य सीआयडीच्या अंगुली मुद्रा केंद्राचं काम. केमिस्ट्रीची पदवी फॉरेन्सिकचं दार बंद करत नाही, आणि औषध कंपनी, अन्नतपासणी, पाणीतपासणी अशी आणखी दारं उघडी ठेवते. नुसती बी.एस्सी. फॉरेन्सिक मात्र बरीच अरुंद असते.

काम कसं असतं तेही सांगतो, कारण मालिकांनी पार वाट लावली आहे. विषबाधेचा संशय असेल तर जठर, लहान आतड्याचा वरचा भाग, यकृत, मूत्रपिंड असा व्हिसेरा मिठाच्या संपृक्त द्रावणात येतो. कोणी तो फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे अवयव टिकवायच्या रसायनात भरला, तर त्यातून विष वेगळं काढणं अवघड होऊन बसतं. रक्ताने ओले कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधले की बुरशी धरते आणि डीएनए खराब होतो. ते सावलीत वाळवून कागदात बांधायचे असतात. मद्यपी चालकाच्या रक्तात सोडियम फ्लोराइड, म्हणजे नमुना टिकवणारं रसायन, पुरेसं नसेल, तर जंतूंमुळे साठवणीतच अल्कोहोलचं प्रमाण बदलू शकतं, आणि इथे तर १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम या मर्यादेवर खटला उभा असतो. बाटलीवरचं लाखेचं सील आणि सोबतच्या पत्रावरचा नमुना जुळला नाही, तर विश्लेषण कितीही अचूक असो, बचावाचा वकील तिथेच बोट ठेवतो. सरकारी तज्ज्ञाचा अहवाल त्याच संहितेच्या कलम ३२९ खाली तज्ज्ञाला न बोलावताही पुराव्यात घेता येतो, पण कोर्टाला वाटलं तर समन्स निघतं आणि उलटतपासणीला उभं राहावं लागतं.

तेव्हा इथे लेबल तीनदा वाचणारा, ब्युरेटचं रीडिंग दुसऱ्या दशांशापर्यंत लिहिणारा माणूस लागतो. तुमची मुलगी तशी असू शकेल. पण ‘सवय होईल’ हे तिच्या वतीने तुम्ही म्हणू नका. व्हिसेऱ्याच्या बाटलीचा वास रक्तापेक्षा वाईट असतो, काहींना त्याची सवय कधीच होत नाही, आणि नव्याने लागलेल्याला विभाग स्वतःच्या पसंतीचा मिळेलच असं नाही.

माझं मत विचाराल तर तिला जवळच्या चांगल्या अनुदानित कॉलेजात बी.एस्सी. केमिस्ट्रीला जाऊ द्या, पुढे विश्लेषणात्मक रसायनशास्त्रात एम.एस्सी. त्या पाच वर्षांत तिला गॅस क्रोमॅटोग्राफ आणि एचपीएलसी ही मिश्रणातले घटक वेगळे करणारी उपकरणं हाताळता आली पाहिजेत, नुसती पाठ नकोत. तोवर फॉरेन्सिकची ओढ टिकली, तर राज्याच्या प्रयोगशाळांच्या संचालनालयाची भरती, एमपीएससी, यूपीएससी हे नेहमीचे मार्ग आहेतच.

आणि तिलाच आत्तापासून फॉरेन्सिक हवं असेल, तर आधी मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय संस्था बघा. खासगी विद्यापीठात जाऊन विचारा : उपकरणं कोणती, ती विद्यार्थी स्वतः चालवतात की काचेतून बघतात, आणि मागच्या तुकडीतले कोण कोणत्या पदावर लागले? ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ हे उत्तर नव्हे, पदांची नावं मागा.

कर्जाच्या अर्जावर सही करण्याआधी या प्रयोगशाळांतल्या वैज्ञानिक सहायक पदाची अलीकडची जाहिरात उतरवून घ्या आणि शैक्षणिक अर्हतेचा परिच्छेद तिला वाचू द्या. पुढचं पत्र तिने लिहावं. तुम्ही तपासून न देता तसंच पाठवा.